स्कूबा डायव्हिंग: पहिल्या काही डाइव्हसाठी कोणती तयारी करावी?

निळाई

नमस्कार मंडळी,

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम मी सध्या करीत आहे. पुस्तकी भाग संपला आहे, तरणतलावातील सरावही झाला आहे आणि आता खुल्या पाण्यातील डाइव्ह तेवढ्या उरल्या आहेत. प्रशिक्षक उत्तम आहेत, परंतु संपूर्ण गटाला एकत्र शिकवताना प्रत्येकाच्या शंकेला पुरेसा वेळ देणे त्यांना शक्य होत नाही, म्हणून इथल्या अनुभवी सभासदांना विचारत आहे.

पहिली अडचण कानांची. तलावाच्या खोल टोकाला, म्हणजे अंदाजे तीन मीटरवर, डावा कान दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हवा दाबली की उजवा कान लगेच मोकळा होतो, डावा मात्र अडून बसतो. इतक्या उथळ पाण्यात ही अवस्था, तर १८ मीटरवर काय होईल अशी धास्ती वाटते. दुसरी अडचण हवेची. गटात सर्वांत आधी माझ्याच गेजचा, म्हणजे उरलेली हवा दाखवणाऱ्या मापकाचा, काटा खाली येतो. तिसरी गोष्ट, मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढण्याच्या सरावात नाकात पाणी जाते आणि क्षणभर काही सुचेनासे होते. शेवटचा प्रश्न साहित्याचा: सुरुवातीलाच काय विकत घ्यावे आणि काय भाड्याने वापरावे?

तळठाव

निळाई, कानांच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण नवख्यांना डाइव्ह अर्धवट सोडावी लागते ती बऱ्याचदा कानांमुळेच.

तुम्हाला भीती १८ मीटरची वाटते आहे, पण कानांच्या दृष्टीने अवघड भाग वरचाच असतो. पृष्ठभागावर आपल्यावर साधारण १ बार दाब असतो आणि समुद्रात दर १० मीटरला तो आणखी १ बारने वाढतो. त्यामुळे १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागे कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्म्यावर येऊ पाहते. २० मीटरवर ते एक तृतीयांश, तर ३० मीटरवर एक चतुर्थांश. म्हणजे पहिल्या १० मीटरांत हवा जेवढी आक्रसते, तेवढी पुढच्या २० मीटरांत मिळूनही आक्रसत नाही. पहिले चार-पाच मीटर नीट निभावले की पुढचे उतरणे पुष्कळच सोपे जाते.

तुमच्या वर्णनावरून वाटते की दुखू लागल्यावर तुम्ही हवा दाबता आहात, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. मध्यकर्णाला घशाच्या मागच्या बाजूशी जोडणारी नळी मऊ असते. बाहेरचा दाब मीटर-दीड मीटर पाण्याइतका वाढला आणि तोवर आत हवा पोचली नसेल, तर त्या नळीचे तोंड दाबाखाली मिटते आणि मग कितीही फुंकले तरी उघडत नाही. म्हणून पहिल्यांदा कान मोकळे करायचे ते पृष्ठभागावर, डोके पाण्याखाली जाण्याआधीच. त्यानंतर दुखण्याची वाट न पाहता दर अर्ध्या मीटरला ते करीत जावे. सुरुवातीला हे फार वारंवार वाटेल, पण त्यात काहीही वावगे नाही.

उतरताना डोके वर आणि पाय खाली ठेवा. शक्य असेल तिथे नांगराची किंवा बोयाची दोरी हातात धरा, म्हणजे वेग तुमच्या मुठीत राहतो. डावा कान अडला तर मान उजव्या खांद्याकडे झुकवून डावा कान पृष्ठभागाच्या दिशेला करा आणि नाक धरून हलकेच हवा दाबतानाच गिळण्याची क्रिया करा. तरीही कान उघडला नाही, तर अर्धा ते एक मीटर वर येऊन पुन्हा प्रयत्न करा. जोर मात्र कधीही लावू नका. जबरदस्तीने फुंकल्यास आंतरकर्णाच्या अगदी पातळ पडद्याला इजा होऊ शकते, आणि त्याची परिणती चक्कर, कानात सतत आवाज किंवा कायमचे कमी ऐकू येण्यात होऊ शकते.

बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, सांगण्याची खूण सोपी आहे: तळहात आडवा धरून डोलवायचा आणि मग बोट कानाकडे न्यायचे. ही खूण दिल्यावर गटाने थांबलेच पाहिजे. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो म्हणून दुखरा कान घेऊन तसेच खाली जाणारे नवखे अनेक असतात. त्या भिडेपायी पडदा फाटतो.

कर्णफूल

मी कान-नाक-घसा विभागात डॉक्टर आहे आणि हौशी डायव्हरही आहे, म्हणून तळठाव यांच्या लेखनात थोडी भर घालते.

नाक धरून हवा दाबण्याची पद्धत वालसाल्वा या नावाने ओळखली जाते आणि सोपी असल्यामुळे सर्वत्र तीच शिकवतात. परंतु तिच्यात जास्त जोर लावण्याचा मोह होतो. नाक धरून नुसते गिळणे ही टॉयन्बी पद्धत काही जणांना अधिक मानवते. फ्रेन्झेल पद्धतीत नाक धरून जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो आणि छातीचा जोर न वापरता घशातलीच हवा नळीत ढकलली जाते. तिन्ही पद्धती जमिनीवर, आरशासमोर बसून शिकता येतात. निळाई, डाइव्हच्या आधीचे काही दिवस रोज अनेकदा हलक्या हाताने सराव करा आणि डाव्या कानात टक् असा आवाज कोणत्या पद्धतीने येतो ते पाहून ठेवा. जमिनीवरही डावा कान उघडत नसेल, तर डाइव्हच्या आधी नाक तपासून घ्या. नाकाचे हाड वाकडे असणे किंवा ॲलर्जीची सूज असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

सर्दी असताना डाइव्ह करू नये. यावर हमखास विचारले जाते की नाक मोकळे करणारी गोळी किंवा स्प्रे घेऊन का जाऊ नये. उतरताना कान अडला तर परत वर येण्याचा मार्ग मोकळा असतो. परंतु औषधाचा असर पाण्याखाली असतानाच उतरला, तर वर येताना प्रसरण पावणारी हवा कानात किंवा कपाळाच्या पोकळीत अडकून पडते. अशा वेळी खाली थांबून राहता येत नाही, कारण सिलिंडरमधील हवा मर्यादित असते; आणि वर यावे तर दर मीटरला वेदना वाढते.

पोहताना काही जण कानात बोळे घालतात. स्कूबामध्ये ते चालत नाहीत, कारण बोळा आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेपर्यंत पोचण्याचा कोणताही मार्ग शरीरात नाही. डाइव्हनंतर कान दुखत राहिला, त्यातून रक्त किंवा पाणी आले, ऐकू कमी येऊ लागले किंवा चक्कर आली, तर स्वतःच्या मनाने थेंब न घालता डॉक्टरांना दाखवावे.

काटकसर

हवा लवकर संपण्यावर माझा सोपा उपाय आहे. श्वास आत घेतल्यावर चार-पाच सेकंद तो धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. मिनिटाला लागणारे श्वास कमी होतात आणि सिलिंडर जास्त वेळ पुरतो.

तळठाव

काटकसर, या सल्ल्याला मला स्पष्ट विरोध करावा लागेल, कारण हा धागा नवखी मंडळी वाचणार आहेत. श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम आहे आणि त्याला नवख्यांसाठी अपवाद नाही.

पाण्याखाली रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचे साधन, आपल्याला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास तसाच धरून कोणी पृष्ठभागावर आले, तर ती हवा दुप्पट जागा मागू लागते. फुप्फुसांना तेवढे फुगता येत नाही. त्यांचे नाजूक वायुकोश फाटून हवेचे बुडबुडे थेट रक्तात शिरू शकतात आणि मेंदूपर्यंत पोचू शकतात. यासाठी फार खोलीही लागत नाही. छाती भरून घेतलेला श्वास धरून जेमतेम मीटरभर किंवा थोडे अधिक वर आले तरी इजा होऊ शकते, आणि श्वास धरला की शरीर आपसूक वर उचलले जातेच.

शिवाय श्वास रोखल्याने जे वाचल्यासारखे वाटते ते फसवे आहे. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, डोके ठणकू लागते आणि थोड्या वेळाने धाप लागून आधी वाचवलेली हवा दुपटीने खर्च होते. काचेवर वाफ धरावी तसा सावकाश, लांबवर उच्छ्वास सोडायचा आणि तितक्याच सावकाशपणे पुढचा श्वास घ्यायचा. घसा सतत उघडा ठेवायचा.

काटकसर

मुद्दा मान्य आहे. नवख्यांनी माझा वरचा प्रतिसाद सोडून द्यावा आणि तळठाव यांनी सांगितलेला लांब उच्छ्वासच धरावा.

प्रवाळ

हवा लवकर संपण्याचे मूळ मला श्वासापेक्षा वजनात दिसते. परंतु आधी हिशेब पाहू, कारण तो एकदा डोक्यात बसला की गेजकडे बघण्याची नजरच बदलते.

सिलिंडरमध्ये असते ती साधी, गाळलेली, कोरडी हवा. शुद्ध ऑक्सिजन नव्हे. नेहमीच्या वापरातील ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची धारणक्षमता सुमारे ११ लिटर असते आणि २०० बारला भरल्यावर त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारी व्यक्ती पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेते असे धरू. १० मीटरवर दाब दुप्पट असल्याने तेवढ्याच श्वासांना ४० लिटर लागतात आणि २० मीटरवर ६० लिटर. शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे असतात, म्हणजे वापरायला १५० बार, अर्थात सुमारे १,६५० लिटर उरतात. १० मीटरवर ते ४१ मिनिटे पुरतील, तर २० मीटरवर २७ मिनिटे. आता घाबरलेल्या किंवा हातपाय मारणाऱ्या नवख्याचा वापर मिनिटाला ३० लिटर धरा, म्हणजे १० मीटरवरची ४१ मिनिटे २७ वर येतात. तुमच्या गटात नेमका हाच फरक दिसत असावा.

आता वजनाकडे येतो. अनेक ठिकाणी नवखे पटकन खाली जावेत म्हणून कमरेच्या पट्ट्यावर वजनाची एखादी-दुसरी वडी जास्तीची चढवली जाते. तेवढ्यापुरते काम भागते, परंतु पुढची सगळी डाइव्ह तिची किंमत मोजावी लागते. जास्तीचे वजन पेलण्यासाठी बीसीडीत, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटमध्ये, जास्तीची हवा भरावी लागते. ती हवा खोलीनुसार सतत फुगत-आक्रसत राहते, त्यामुळे तोल ढळतो. कमरेखालचा भाग लोंबकळतो, शरीर तिरके होते आणि पाय मारले की पुढे जाण्याऐवजी वरच ढकलले जाते. मग जॅकेटातली हवा सोडायची, बुडू लागले की पुन्हा भरायची, मधूनमधून हाताने पाणी ओढायचे. या सगळ्या झटापटीला हवा लागते.

वजन योग्य आहे की नाही ते तपासण्याची पद्धत अशी: संपूर्ण साहित्य अंगावर चढवून, जिथे पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात उभे राहा, जॅकेटातली सगळी हवा काढून टाका आणि तोंडात रेग्युलेटर ठेवून नेहमीसारखा श्वास घ्या. पाण्याची रेषा डोळ्यांच्या पातळीवर यावी आणि उच्छ्वास सोडल्यावर हळूहळू खाली जायला लागावे. सुरुवातीलाच दगडासारखे खाली गेलात तर एक वडी काढा. एक गोष्ट लक्षात ठेवा: भरलेल्या सिलिंडरमधील हवेचेच वजन अडीच किलोच्या आसपास असते आणि डाइव्ह संपेपर्यंत त्यातले सुमारे दोन किलो कमी होतात. म्हणून ही तपासणी डाइव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना करणे सर्वांत चांगले. भरलेल्या सिलिंडरने केलीत तर तेवढी भर धरा. तलावात ठरवलेले वजन समुद्रात पुरणार नाही, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्के अधिक जड असते आणि तुम्हाला अधिक उचलून धरते. वेटसूट, म्हणजे ऊब देणारा फुगीर रबरी पोशाख, बदलला तरी पुन्हा तपासा.

बॉयन्सीच्या, म्हणजे पाण्यात एकाच पातळीवर तरंगत राहण्याच्या, सरावात नवख्यांची गडबड बहुधा अशी होते. वाळूच्या जवळ तरंगत असताना जरा खाली जातो आहोत असे वाटते, म्हणून बटण दाबून जॅकेटात थोडी हवा भरली जाते. काहीच होत नाही. पुन्हा बटण दाबले जाते. तरीही काही होत नाही, म्हणून तिसऱ्यांदा. आणि मग तिन्ही वेळची हवा एकदम आपला प्रभाव दाखवू लागते, शरीर वर निघते, वर जाताना हवा आणखी फुगते आणि सगळे हातातून निसटते. शरीर आणि साहित्य मिळून मोठे वस्तुमान असते, ते हलायला दोन-तीन सेकंद घेते. म्हणून बटण एकदाच, अगदी क्षणभर दाबायचे आणि दोन श्वास थांबून पाहायचे. लहानसहान फरकासाठी तर बटणाची गरजच नसते. एक लिटर हवा जास्त आत घेतली की एक किलोइतकी उचल मिळते. फुप्फुसांनी वर-खाली होता येणे हीच खरी बॉयन्सी. हे जमू लागले की हात आपोआप छातीशी स्थिर राहतात आणि हवा वाचते.

मासोळी

मास्कविषयी लिहिते. नाकात पाणी जाते ते मास्क रिकामा करण्याच्या कृतीमुळे नव्हे, तर पाणी आत आल्याक्षणी आपण दचकून नाकाने श्वास ओढतो म्हणून. तेव्हा आधी नाक आणि तोंड वेगळे करायला शिकावे. उथळ पाण्यात मास्क न लावता, तोंडात स्नॉर्केल (पाण्याबाहेरची हवा घेण्याची नळी) किंवा रेग्युलेटर धरून चेहरा पाण्यात ठेवा आणि नाक उघडे असताना फक्त तोंडाने श्वास घ्या. पहिली दोन मिनिटे नकोसे वाटते; नंतर टाळूचा मागचा पडदा नाकाची वाट आपणहून बंद ठेवू लागतो. हे जमले की मास्क पूर्ण निघाला तरी घाबरायला होत नाही.

मास्क रिकामा करताना सुरुवातीलाच डोके मागे टाकू नका, कारण त्या स्थितीत पाणी सरळ नाकपुड्यांत शिरते. समोर बघत नाकाने हलका उच्छ्वास सुरू करा, फ्रेमची वरची कड कपाळाशी दाबा आणि उच्छ्वास चालू असतानाच नजर वर न्या. हुंकार दिल्यासारखा नाकातून आवाज काढला तर उच्छ्वास एकसारखा राहतो. एका श्वासात पाणी गेले नाही तर घाई नाही. तोंडाने श्वास घेऊन पुन्हा करायचे.

मास्कमध्ये वारंवार पाणी येत असेल, तर पट्टा आणखी आवळू नये. जास्त आवळल्याने कड दुमडते आणि गळती वाढते. कडेखाली केसाची एखादी बट किंवा वेटसूटच्या टोपीची किनार अडकली आहे का ते आधी पाहावे. मिशी असणाऱ्यांनी नाकाच्या लगतची ओळ थोडी कापली तर फरक पडतो. खाली जाताना मास्क चेहऱ्याला चिकटून ओढला जातो आहे असे वाटले, तर नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडायची. पोहण्याचा गॉगल स्कूबाला चालत नाही तो याच कारणाने: त्यात नाक नसते, त्यामुळे आत हवा सोडता येत नाही.

साहित्यापैकी पहिली खरेदी मास्कचीच करावी, कारण चेहरा ज्याचा त्याचा असतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर तो जागेवर राहिला पाहिजे. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने आतून चोळून काढला नाही तर काच सारखी धुरकट होते. यानंतर फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पंख, घ्यावेत आणि मग डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारे मनगटी यंत्र. बीसीडी आणि रेग्युलेटर पुष्कळ नंतर, नियमित डाइव्ह होणार असतील तरच, कारण रेग्युलेटरची नेमाने देखभाल करून घ्यावी लागते. सिलिंडर भाड्याचाच बरा.

सुकाणू

मासोळी यांच्या यादीतील कॉम्प्युटर मी एवढ्यात घेणार नाही. अभ्यासक्रम संपताच कॉम्प्युटर मनगटावर चढला की कोणत्या खोलीवर किती वेळ राहता येते हे सांगणाऱ्या कोष्टकांचे भान जाते आणि आकडा हिरवा आहे एवढेच पाहिले जाते. पाडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या कोष्टकात पहिल्या डाइव्हसाठी १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि ३० मीटरवर केवळ २० मिनिटे मुभा आहे. खोलीबरोबर वेळ किती झपाट्याने आटतो हे हातांनी कोष्टक चाळल्याशिवाय अंगात मुरत नाही.

त्यापेक्षा पाण्यात उतरण्यापूर्वीची परस्पर तपासणी मनापासून करा. जॅकेटात हवा भरते आणि सुटते का, वजने आणि ती सोडण्याची कळ कुठे आहे, सर्व पट्टे लागले आहेत का, हवा सुरू आहे का, आणि मास्क-फिन्स हाताशी आहेत का. यातील हवेची तपासणी बहुतेक जण गेजवर २०० आकडा पाहून उरकतात, आणि ते पुरेसे नाही. रेग्युलेटर तोंडात धरून तीन-चार भरपूर श्वास घ्या आणि त्याच वेळी काट्यावर नजर ठेवा. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल, तर सिलिंडरची तोटी अर्धवटच उघडलेली आहे. पृष्ठभागावर अशा तोटीतूनही श्वास सहज मिळतो. खोलीवर दर श्वासाला दाट हवा लागते तेव्हा ती पुरत नाही. तोटी पूर्ण उघडावी. पूर्ण उघडून पाव फेरा उलट फिरवण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण बंद तोटी पाव फेरा उघडली आणि पूर्ण उघडी तोटी पाव फेरा मिटली, या दोन गोष्टींत हाताची गफलत सहज होते.

आणि अंगठा वर करण्याची खूण पाण्याखाली छान चालले आहे या अर्थाने चुकूनही करू नका. तिचा अर्थ डाइव्ह संपवून वर चला असा आहे, आणि चांगला बडी ती पाहताच मुकाट्याने वर निघेल. सर्व ठीक यासाठी अंगठा आणि तर्जनी जोडून वर्तुळ करायचे.

मासोळी

कोष्टके शिकावीत हे खरे, परंतु कोष्टक पूर्ण डाइव्ह सर्वाधिक खोलीवर झाली असे धरून चालते आणि कॉम्प्युटर प्रत्यक्ष खोली मोजतो. शिवाय वर येण्याचा वेग नवख्याला डोळ्यांनी कळत नाही, तो मनगटावर दिसतो. हवे तर भाड्याने घ्या, पण प्रत्येकाचा कॉम्प्युटर स्वतंत्र असू द्या. दोघांत एक वापरणे ही काटकसर नव्हे, कारण दोघांची खोली कधीच तंतोतंत सारखी नसते.

तळठाव

वर येण्याच्या वेगाचा उल्लेख झालाच आहे, तर तेही नोंदवतो. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात आणि त्यातून बेंड्स हा विकार उद्भवतो. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके मांडली, आणि आजच्या कॉम्प्युटरमधील अनेक गणिते त्याच विचारातून वाढलेली आहेत. नवख्याने मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे. या थांब्यावर शरीर स्थिर ठेवणे हीच बॉयन्सीची परीक्षा असते, कारण तिथे सिलिंडर हलका झालेला असतो आणि वेटसूट पुन्हा फुगलेला असतो. वर येताना जॅकेटातली हवा सोडत राहावे. बटण दाबून वर यायचे नसते.

डाइव्हनंतर सांधे दुखणे, मुंग्या येणे, अंगावर चट्टे उठणे किंवा अकारण गळून जाणे ही लक्षणे दिसली, तर ती श्रमामुळे असतील अशी स्वतःची समजूत घालू नये. शुद्ध ऑक्सिजन देणे हा पहिला उपचार आहे आणि वैद्यकीय सल्ला त्याच दिवशी घ्यावा.

काठावरचा

धागा वाचून उत्सुकता वाढली. मला पोहता येत नाही. तरीही एखादी डाइव्ह करता येईल का? आणि लहानपणी दमा होता, तो डाइव्हआधीच्या आरोग्याच्या फॉर्मवर लिहिला तर नकार मिळेल का?

कर्णफूल

काठावरचा, प्रशिक्षकाच्या हाताशी राहून केली जाणारी अनुभव-डाइव्ह पोहता न येणाऱ्यांनाही अनेक ठिकाणी करता येते आणि तिची मर्यादा साधारण १२ मीटर असते. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमासाठी मात्र २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे अपेक्षित असते. माझे मत विचाराल तर आधी पोहायला शिका. पाण्याखाली सगळा भार साहित्य उचलते हे खरे, परंतु पृष्ठभागावर लाट तोंडावर आली की पोहता न येणारा माणूस बिथरतो.

दम्याविषयी अवश्य लिहा. फॉर्मवर होय लिहिले म्हणजे नकार मिळतोच असे नाही. डायव्हिंगची माहिती असणारे डॉक्टर फुप्फुसांची तपासणी करून निर्णय देतात. आक्रसलेल्या श्वासनलिकेमागे हवा अडकली तर वर येताना तीच इजा होऊ शकते जी तळठाव यांनी श्वास रोखण्याबाबत सांगितली आहे. फुप्फुस पूर्वी कधी आपोआप निकामी होऊन बसले असेल, झटके येत असतील, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल, तर काहीही लपवू नये. गरोदरपणात डाइव्ह करूच नये.

निळाई

सर्वांचे आभार. काल आरशासमोर सराव केला. नाक धरून गिळले की डावा कान उघडतो आहे, वालसाल्वाने मात्र अजूनही नाही. वजनाची तपासणी करून देण्याविषयी प्रशिक्षकांशी बोलले आहे. दोन शंका उरल्या आहेत. शेवटच्या डाइव्हनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी विमानप्रवास आहे, तो चालेल का? आणि मला चष्मा आहे, तर मास्कच्या आत लेन्स घालाव्यात का?

सुकाणू

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एकच साधी डाइव्ह झाली असेल तर किमान १२ तास आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे. तुमच्या डाइव्ह एकापेक्षा अधिक आहेत, तेव्हा १८ तास मोजा. शेवटची डाइव्ह दुपारनंतर असेल तर सकाळचे विमान त्यात बसत नाही. उंच डोंगरी रस्त्याने परतणार असाल तर त्यालाही हाच हिशेब लावा. तिकीट बदलता येत नसेल, तर शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी लवकर घेण्याची विनंती प्रशिक्षकांना आत्ताच करा.

मासोळी

मऊ लेन्स चालतात. जुन्या पद्धतीच्या, हवा आरपार न जाऊ देणाऱ्या कडक लेन्स टाळाव्यात, कारण त्यांच्याखाली बुडबुडे अडकू शकतात. मास्क रिकामा करण्याच्या सरावात लेन्स वाहून जाऊ नये म्हणून डोळे मिटून घ्यावे लागतील, तेव्हा प्रशिक्षकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही खुणांना प्रतिसाद देत नाही असे त्यांना वाटेल. लेन्सची सुटी जोडी पिशवीत असू द्या. नंबर फार नसेल तर एकदा लेन्सशिवायही पाहा, कारण पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना प्रकाश वळतो आणि वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात. गेजवरचे आकडे स्पष्ट वाचता येतात का, एवढे तलावात तपासून घ्या. येत नसतील तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो.